घारकड्यावर जांभळाच्या दोन बाटल्या

सुजाताची लातूरला बदली झाली आणि घारकड्याची तारीख आपोआप ठरली. जूनमध्ये तिला तिकडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजर व्हायचं होतं. पावसाळ्यात कडा चढता येत नाही आणि पावसाळ्यानंतर ती इथे नसणार. उरला मे महिन्यातला शेवटचा शनिवार-रविवार. मेच्या उन्हात काळ्या कातळाला हात लावायला जाणं हा काही शहाणपणा नव्हे, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. तरी गेलो.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची. चौघं म्हणजे अंबरनाथची सुजाता, तिथलाच प्रकाश ऊर्फ पक्या, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला हरेश आणि बदलापूरची मी, नंदा. दर रविवारी आम्ही पालेगावच्या अंगाला असलेल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत चढाईचा सराव करायचो. आता तिथे उंच इमारती आहेत आणि त्यांच्या गच्चीवरून आमची खाण दिसली असती, असं हरेश म्हणतो. तेव्हा भाताची खाचरं होती, बांधावर बसलेले बगळे होते आणि "काय मिळतं रं यातनं?" असं विचारणारे गुराखी होते.

घारकडा हे आम्हीच वापरात आणलेलं नाव. बारवी धरणाच्या वरच्या जंगलात हा कडा आहे. खालचा अर्धा भाग सोपा, मग एक उभी भेग, मग चौघं दाटीवाटीने बसतील एवढा टप्पा. त्या टप्प्याच्या डोक्यावर मात्र कातळ असा बाहेर आलेला, की चाळीच्या सज्जाखाली उभं राहिल्यासारखं वाटावं. आम्ही त्याला सज्जाच म्हणायचो. आमच्यातलं कोणीही तो ओलांडून वर गेलेलं नव्हतं.

डिसेंबरात सुजाता सज्जाच्या कडेपर्यंत पोचली होती. तिथे तिचे हात भरले. चढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. लटकून लटकून कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू फुगतात, दगडासारखे होतात आणि मग बोटं तुमचं ऐकत नाहीत. तुम्ही बघत असता आणि ती आपली आपण उघडतात. सुजाताची उघडली. दोर माझ्या हातात होता, त्याने तिला झेललं. लागलं काही नाही. पण खाली उतरल्यावर तिने आपले दोन्ही हात असे मांडीवर ठेवले होते, जणू दुसऱ्या कोणाचे तरी आहेत. "मला तो एकदा ओलांडायचाय," ती म्हणाली. "मग लातूर काय नि लंडन काय, कुठेही पाठवा."

आता जांभळांकडे वळते, कारण या प्रवासाचं निम्मं कारण ती होती.

हरेश रसायनशास्त्र शिकून काकाच्या सरबताच्या कारखान्यात कामाला लागला होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन मोठी पातेली आणि बाटल्या धुणाऱ्या चार बायका. त्याच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. आदल्या वर्षी जांभळाच्या दिवसांत सुजाता खाणीत येताना द्रोण भरभरून जांभळं आणायची, आणि त्या दिवसांत तिचे हात भरत नसत, असं त्याचं निरीक्षण होतं. "सीझन गया, हाथ गया," तो म्हणायचा. जांभळाच्या रंगातच काहीतरी आहे, त्याने स्नायूंत रक्त नीट खेळतं, असा त्याचा सिद्धांत. त्याने बदलापूरच्या बाजारातून पाट्याच्या पाट्या उचलल्या, रस काढला, तो आटवला आणि साखरेचा कणही न घालता आम्हाला खाणीत पाजला. जीभ टाळूला चिकटली. घसा असा धरला की पक्याला बराच वेळ शिवीसुद्धा देता आली नाही.

"हे टॉनिक आहे?" आवाज परत आल्यावर पक्या म्हणाला. "हे तर रंग काढायचं केमिकल आहे!"

पण हरेशला हे विकायचं होतं. नुसतं सरबत म्हणून नाही, चढणाऱ्यांचं, पैलवानांचं, धावणाऱ्यांचं पेय म्हणून. काकाने अट घातली, की आधी काहीतरी दाखव. म्हणून त्याने घारकड्यासाठी प्रयोग आखला. एका बाटलीत खरा जांभळाचा रस. दुसरीत कारखान्यातला रंग, इसेन्स, लिंबूसत्व आणि पाणी. एक सुजाताला, एक पक्याला. कोणाला कुठली ते फक्त हरेशला ठाऊक. शनिवारी संध्याकाळी थोडं, रविवारी उजाडताना थोडं आणि उरलेलं सज्जाखाली प्यायचं.

"मला खरीच दे ना रे," सुजाता म्हणाली होती. "माझी शेवटची वेळ आहे."

"म्हणूनच नाही सांगणार," हरेश म्हणाला. "नाणं उडवलंय मी. आता सायन्सच्या मध्ये येऊ नको."

शनिवार: उल्हासनगर ते बारवी

सकाळी अंबरनाथला सुजाताच्या घरी गेले तेव्हा तिचे वडील दारातच खुर्ची टाकून दोर तपासत बसले होते. एका कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा दर वेळी हे काम करायचे. दोराचा वीतन् वीत अंगठ्याखालून जायचा. आई आत पोळ्यांची चवड बांधत होती.

"जय भीम, अण्णा. कसा आहे दोर?"

"दोर चांगला आहे," अण्णा म्हणाले. "माणसं कशी आहेत ते तुम्ही बघा."

तिथून पक्याला घेऊन रिक्षाने कॅम्प पाच. हरेशच्या घरी जाताना पोट रिकामं ठेवून जायचं, हा नियम आम्ही अनुभवाने शिकलो होतो. त्याची आई, आम्ही सगळे तिला अम्माच म्हणायचो, दाल पकवान घेऊन तयार असायची. मोठे कडकडीत पकवान, त्यावर घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. उल्हासनगरला कपडे घ्यायला जाणाऱ्यांनी सकाळी आधी हे खावं आणि मग बाजारात शिरावं. भाव करायला बळ येतं.

बाटल्या आतल्या ओट्यावर होत्या, एकीला लाल टोपण, एकीला निळं. अम्माने हरेशला काहीतरी विचारलं, त्याने सिंधीत उत्तर दिलं, आणि ती हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली.

"एक में रंग का पानी? पीने के लिए?"

"अम्मा, एक्सपेरिमेंट आहे. इनको मालूम है." एवढं सांगून हरेश टेम्पोत क्रेट भरायला खाली गेला.

पक्या तेवढ्यात दुसऱ्या पकवानाला लागला होता. तोंड भरलेलं असलं की त्याला हमखास विनोद सुचतात. "एकात कशाला, दोन्हीत असेल," तो मोठ्याने म्हणाला. "उल्हासनगरचा माल आहे बाबा. घड्याळ डुप्लिकेट, पेन डुप्लिकेट, जांभूळ तरी कशाला ओरिजिनल असेल?"

आम्ही हसलो. आतून भांडी हलल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने अम्मा दोन्ही बाटल्या पुसून, कापडी पिशवीत घालून बाहेर आली आणि तिने पिशवी माझ्या हातात दिली. "बाटली वापस लाना. खाली करके लाना. और रात का खाना इधर." तिच्या घरी बाटल्या परत आणायच्या म्हणजे आणायच्याच. तो त्यांचा धंदा होता.

पुढचा प्रवास हरेशच्या तीनचाकी टेम्पोतून. हरेश आणि पक्या पुढे, सुजाता आणि मी मागे सरबताच्या क्रेटवर गोणपाट टाकून. हा प्रवास कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, पण मिळाला तर सोडू नका. अंबरनाथच्या दुकानांत वाळ्याचं सरबत उतरवलं. एमआयडीसीवरून जाताना नेहमीप्रमाणे नाकाला रुमाल लावले. बदलापुरात लिंबू आणि कोकम उतरवलं आणि टेम्पो हलका झाल्यावर क्रेट असे नाचायला लागले, की आम्हीही त्यांच्याबरोबर नाचलो. बाजारात चामटोलीकडच्या बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसल्या होत्या. सुजाताने जांभळांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"घे की," मी म्हटलं.

"नको. हरेशचं सायन्स बिघडेल."

उल्हास नदीचा पूल ओलांडला की हवा बदलते. रस्ता तेव्हा अरुंद होता आणि खड्डे रुंद. एसटीने जाणाऱ्यांना बदलापूरहून गाडी मिळायची, पण परतीच्या गाडीच्या भरवशावर कोणी राहत नसे. धरणाच्या पुढे थोड्या अंतरावर टेम्पो झाडाखाली लावायचा आणि तिथून पायवाटेने वाडीवर. खर्च म्हणाल तर डिझेल आणि वाटेतला चहा. मुक्काम वाडीतल्या पांडूमामांच्या अंगणात. ते पैसे घेत नसत, म्हणून आम्ही साखर, चहापत्ती आणि मामींसाठी अंबरनाथची खारी न्यायचो. डोंगरात कोणाच्या अंगणात झोपणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका, एवढंच माझं सांगणं.

मामा भाताच्या पेरणीसाठी राब भाजून मोकळे झाले होते. शेताचे काळे तुकडे उतारावर दिसत होते.

"यंदा तरी वर जाशाल का परत लोंबत राहशाल?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. डिसेंबरात सुजाता पडली तेव्हा त्यांनी ते खालून पाहिलं होतं.

"यंदा औषध आणलंय मामा," पक्या म्हणाला.

"कसलं?"

"जांभळाचं."

मामांनी अंगणाच्या टोकाच्या झाडाकडे पाहिलं. खाली जांभळांचा सडा पडला होता आणि शेजारची वासरं त्यातून मजेत चालत होती. "ह्यासाठी उल्हासनगरला गेलाव?" त्यांनी विचारलं. हरेश सोडून सगळे हसले.

संध्याकाळी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि करवंदाचं लोणचं. जेवणाआधी सुजाता आणि पक्याने आपापल्या बाटलीतून पेला भरला. दोघांनी घोट घेतला, दोघांचे चेहरे कोरे. प्रयोग चालू असताना चवीबद्दल बोलायचं नाही, असं हरेशने दोघांकडून कबूल करून घेतलं होतं.

रविवार: कडा

घारकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे दुपारपर्यंत सावली. मे महिन्यात चढाईचा वेडेपणा करायचाच असेल, तर निदान असा कडा निवडावा. उजाडता उजाडता पायथ्याशी पोचलो तेव्हा कातळ गार होता आणि घारी अजून उठल्या नव्हत्या.

खालचा भाग आम्ही गप्पा मारत चढलो. भेगेत मुठी अडकवत पक्या पुढे गेला, मागून सुजाता आणि शेवटी मी. हरेश पायथ्याशी थांबला. सज्जाखालचं सगळं त्याला तिथून नीट दिसत होतं आणि आज तो शास्त्रज्ञ होता. टप्प्यावर पोचल्यावर मी स्वतःला कातळात ठोकलेल्या बोल्टला बांधलं आणि दोर सांभाळायला बसले. वर पाहिलं तर सज्जा आपला तसाच, डिसेंबरात होता तेवढाच.

पक्या आधी गेला. आपली बाटली त्याने रिकामी केली, तोंड पुसलं आणि निघाला. सज्जाच्या पोटाखालून हातावर हात टाकत तो झपाट्याने कडेकडे सरकला. ताकदीत आमच्यात तोच पहिला. कडेशी पोचला, वरच्या खाचेत बोटं घातली आणि थांबला. पाय हवेत. मला त्याचे दंड दिसत होते, दोरखंडासारखे ताठ.

"भरले," तो म्हणाला. मग खाली बघून ओरडला, "हऱ्या! माझी नकली आहे रे! गोड लागतेय कालपासून!"

"तू पहले चढ!" खालून आवाज आला. "बाद में बोल!"

"रंगाच्या पाण्यावर काय चढू?" आणि त्याने हात सोडले. पडला नाही, सोडले. दोर ताणला गेला, मी मागे ओढली गेले आणि पक्या हवेत गोल फिरत राहिला, बऱ्यापैकी समाधानी चेहऱ्याने.

तो टप्प्यावर परत आल्यावर त्याला माझ्या पाठीमागे बसवलं. आता सुजाताची पाळी. तिने लाल टोपण उघडलं, घोट घेतला आणि तो तोंडात घोळवत बसली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "नंदा, माझीपण गोड आहे."

"काय?"

"खाणीत प्यायलेलो ती आठव. जीभ चिकटली होती. ही सरबतासारखी आहे. पक्याला उगाच वाटतंय, खरी त्याचीच असणार. ही नकली."

तिला खरीच हवी होती, आणि तिच्या वाट्याला रंगाचं पाणी आलं होतं. ती थोडा वेळ पाय खाली सोडून बसली. समोर धरणाचं पाणी उन्हाळ्याने आटून लांब सरकलं होतं आणि त्याच्या काठाने लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता.

"हात भरणारच," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पक्याचे भरले, माझे आधी भरतील. मग हातावर जायचंच कशाला?"

तिने उरलेलं पिऊन टाकलं, टोपण लावलं आणि उठली.

मी तिला बरीच वर्षं चढताना पाहत होते, पण त्या दिवसासारखी सावकाश कधी पाहिली नव्हती. दोन हात पुढे गेली की थांबायची. एक हात सोडून खाली लोंबता ठेवायची, झटकायची, मग दुसरा. पाय कुठेतरी रोवलेले असायचेच, नखाएवढ्या उंचवट्यावर का असेना. पक्या माझ्या मागून कुजबुजला, "काय करतेय ही? अशाने संपेल ना." मी त्याला कोपर मारलं.

कडेशी पोचल्यावर तिने खाचेत बोटं घातली. पक्या जिथे थांबला होता तीच जागा, ती स्वतः डिसेंबरात पडली तीही तीच. मला तिची बोटं दिसत होती. मी दोर आवळून धरला.

मग तिने उजवा पाय उचलला. वर, आणखी वर, कमरेच्याही वर, आणि टाच सज्जाच्या काठावर अशी अडकवली, जशी आपण कुंपणावर पाय टाकून वर चढतो. सगळं वजन त्या टाचेवर घेतलं. हात जवळजवळ रिकामेच. एक हात सोडून तिने तो शांतपणे झटकला, आणि पुढच्या क्षणी आम्हाला तिचे फक्त बूट दिसत होते. मग बूटही दिसेनात.

दोर सरकत राहिला. मग एक हाक आली, "नंदा! इथे करवंदं आहेत!"

खाली हरेश टोपी उडवत होता. पक्या टाळ्या वाजवत होता, आणि खरं सांगते, मनापासून वाजवत होता.

दोरावरून उतरून पायथ्याशी आलो तेव्हा सुजाताच्या तळव्यांची सालं निघाली होती आणि ती थांबायलाच तयार नव्हती. मामांना सांगितलं, मामींना सांगितलं, झाडाखालच्या वासरांनाही सांगितलं असतं. "रंगाच्या पाण्यावर!" ती म्हणत होती. "हरेश, ऐक, तुझ्या रंगाच्या पाण्यावर!"

हरेश आतापर्यंत कसाबसा दम धरून होता. "रंगाचं पाणी नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता. "लाल टोपण म्हणजे खरी. तुझी असली होती, सुजाता! पक्याची नकली. साबित हो गया!"

सुजाताचा हात माझ्या खांद्यावर होता, तो खाली आला.

"गोड होती," ती म्हणाली.

"तुला वाटलं असेल. मी स्वतः भरलीय."

"बघ!" पक्या ओरडला. "मी म्हणालो नव्हतो? मला खरी मिळाली असती तर मी पण..."

"म्हणजे कडा मी नाही चढले," सुजाता म्हणाली. "हरेशची बाटली चढली."

"अगं, यात वाईट काय आहे? चढली ना?"

तिने पाठपिशवी उचलली आणि टेम्पोच्या वाटेला लागली. मामा मागून म्हणाले, "ही येताना हसत होती, आता काय झालं?" पण सांगत कोण बसणार? परतीच्या वाटेवर क्रेट नाचले, आम्ही नाही. डोक्यावर ऊन, बुडाखाली तापलेला पत्रा, आणि सुजाता मांडीवर हात ठेवून बसलेली, अगदी डिसेंबरसारखी.

रविवार संध्याकाळ: कॅम्प पाच

अम्माने साई भाजी आणि भुग्गा चावल केला होता. पालक, डाळ, भाज्या सगळं एकत्र घोटलेली साई भाजी आणि कांद्यावर परतलेला भात. कड्यावरून आल्यावर याच्याइतकं पोटाला मायेचं दुसरं काही नसेल. पण त्या दिवशी पहिले घास कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

हरेश हात धुवायच्या आधीच सुरू झाला. "अम्मा, साबित हो गया! असली वाली ऊपर गई, नकली वाली अटक गई. कल काका को बोलता हूँ."

अम्माने पिशवीतून बाटल्या काढल्या, उजेडात धरल्या, हुंगल्या. "नकली कौनसी?"

"नीली वाली."

"नीली में नकली कहाँ थी?" अम्मा म्हणाली. "वो तो मैंने मोरी में डाल दी."

पक्याचा हात ताटातच थांबला.

"क्या बोल रही हो अम्मा?"

"और क्या करती?" अम्माने पक्याकडे बोट केलं. "ये मेरे घर में बैठ के, मेरा पकवान खा के बोलता है, उल्हासनगर का माल डुप्लिकेट. बाज़ार में बोलो, मैं सुन लूँगी. मेरी रसोई से मेहमान रंग का पानी लेके जाएगा? और वो भी पहाड़ पे? कुछ हो जाता तो कौन जवाब देता, तेरा सायन्स?" तिने फडक्याने बाटलीचं तोंड पुसलं. "और तेरी असली भी कोई पीने की चीज़ थी? ज़बान जल जाए. घर के लिए जामुन का शरबत बनाया था, शक्कर डाल के. सब मिलाया, छाना, दोनों में आधा-आधा भरा. एक जैसा."

"दोनों असली?" हरेशने पुन्हा विचारलं.

"मेरे घर से दूसरा क्या निकलेगा?"

हरेश ओट्याला टेकून खालीच बसला. पक्याने आधी अम्माकडे, मग आपल्या ताटाकडे पाहिलं. "म्हणजे मी असली पिऊन लटकलो?"

"लटकला नाहीस," सुजाता म्हणाली. "सोडलंस."

आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग भात घशात अडकला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अम्मा तिच्या पाठीवर थापट्या मारत "पानी पी, धीअ, पानी पी" असं लेकीला म्हणावं तसं म्हणत होती आणि ती मान हलवत सांगत होती, "पाणी नको अम्मा, सरबत द्या."

पक्याने उठून अम्माच्या पायांना हात लावला. "चुकलो अम्मा. घड्याळाचं मागे घेत नाही, पण जांभळाचं मागे घेतो." अम्माने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि ताटात आणखी भात वाढला.

एकटा हरेश उदास होता. "अगले सीझन फिर करेंगे," तो म्हणाला. "बाटल्या मी घरी आणणारच नाही."

"पुढच्या सीझनला मी नसेन," सुजाता म्हणाली, "आणि पक्याला आता चव कळणार."

घरी

अंबरनाथला सुजाताला सोडायला गेले तेव्हा अण्णा त्याच खुर्चीत होते. त्यांनी दोर हातात घेतला आणि अंगठ्याखालून ओढायला लागले. वर न बघताच विचारलं, "झालं?"

"झालं."

"बरं." दोर पुढे सरकत राहिला. कशाच्या जोरावर झालं, ते त्यांनी विचारलं नाही. आई मात्र आतून डोकावली आणि म्हणाली, "जीभ का गं तुझी जांभळी?"

त्या रात्री बदलापूरला माझ्या घरी झोपताना मी हिशोब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दोघांनी तेच प्यायलं होतं. दोघांनाही आपल्याला रंगाचं पाणी मिळालंय असं वाटलं होतं. जांभळाने स्नायूंना काही होतं की नाही, हे घारकड्याने आम्हाला सांगितलं नाही. आता भाच्याच्या स्वयंपाकघरात फळांच्या पुडीचे मोठाले डबे दिसतात, त्यावर फुगलेल्या दंडांची चित्रं असतात, आणि तो मला त्यातलं विज्ञान समजावतो. असेलही. माझं त्याच्याशी भांडण नाही. मी फक्त विचारते, डबा भरणारं कोण होतं?

तुम्ही तिकडे जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा. पांडूमामांची वाडी आता तिथे नाही. धरणाची उंची वाढली तेव्हा घरं उठली, मामा-मामी बदलापूरकडे मुलाच्या घरी आले. धरणाच्या परिसरात कुठपर्यंत जाऊ देतात, ते आधी विचारून घ्या. कडा आहे तिथेच आहे. सज्जाखाली आमचा बोल्ट दिसेल, गंजलेला. त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

हरेशने पुढे कारखाना वाढवला. जांभळाचं सरबत विकतो, पण बाटलीवर पैलवान नाही, डोंगर नाही, नुसतं जांभूळ आहे. प्रयोग त्याने पुन्हा केला नाही. अम्मा होती तोवर तिच्या नजरेसमोर नकली बाटली भरायची त्याची हिंमत नव्हती, आणि ती गेल्यावर इच्छा राहिली नाही. दर वर्षी मेच्या शेवटी तो आम्हा तिघांना एकेक बाटली पाठवतो. सुजाताची लातूरला जाते. तिथे तिने डोंगर नाहीत म्हणून पोरांना विहिरीच्या कठड्यावर चढायला शिकवलं, आणि गावाच्या शिव्या खाल्ल्या.

बाटली पोचली की तिचा फोन येतो.

"तुझी कशी आहे? गोड की तुरट?"

मी घोट घेते, जिभेवर घोळवते. "गोड," सांगते.

"माझीपण गोड आहे," ती म्हणते, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या हसत राहतो.